सोमवारच्या १.६ किलोचा हिशेब

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल सकाळी तुझा मेसेज आला: "शुक्रवारी वजन ७०.७ होतं, आज ७२.३. दोन आठवड्यांची मेहनत दोन दिवसांत गेली. आजपासून रात्रीचं जेवण बंद." फोनवर बोलून हे अर्धवट राहिलं असतं, म्हणून लिहूनच पाठवते. आकडे समोर राहतील, आणि पुन्हा असं झालं की काढून वाचता येईल. आधी एवढं कर, आज रात्री नीट जेव. तुझी मेहनत कुठेही गेलेली नाही. तुझी समजूत काढायला मी हे म्हणत नाही, हिशेब मांडून दाखवते.

शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे १.६ किलो चरबी चढायला रोजच्या गरजेच्या वर १२,३२० कॅलरी पोटात जायला हव्यात. तुझी रोजची गरज १८५० च्या आसपास आहे. शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस तू आठ-आठ हजार कॅलरी खाल्ल्या असत्यास तरच हे जमलं असतं. इथे घरी आलीस तेव्हा तू खाल्लंस काय? शनिवारी सकाळी मिसळ, रात्री मटणाचं ताट, रविवारी सकाळी कट्ट्यावरचं म्हशीचं दूध, दुपारी उरलेला रस्सा आणि भात. मोकळ्या हाताने धरलं तरी दोन दिवसांत मिळून १५०० कॅलरी जादा झाल्या असतील. त्या सगळ्याच्या सगळ्या चरबीत गेल्या असं मानलं, तरी ती चरबी २०० ग्रॅमच्या आत भरते.

मग उरलेले १.४ किलो आले कुठून?

पहिला वाटा भाताचा आणि पावाचा. आपण पिष्ट खातो, त्यातलं काही शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं: यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत सगळं मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. हे ग्लायकोजेन कोरडं राहत नाही, एक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तू दोन आठवडे भात निम्म्यावर आणला होतास, त्यामुळे हा साठा अर्धवट होता. इथे दोन दिवसांत २०० ग्रॅम भरला गेला असेल, तर त्याचं पाणी ६०० ग्रॅम. झाले ८०० ग्रॅम. आणि हे २०० ग्रॅमही त्या जादा १५०० कॅलरींतूनच भरले गेले. २०० ग्रॅम ग्लायकोजेन म्हणजे ८०० कॅलरी. चरबीला उरल्या ७००, म्हणजे नव्वद-एक ग्रॅम.

याच कारणाने पहिल्या आठवड्यात सोमवार ते शनिवार तुझं वजन ९०० ग्रॅमने उतरलं होतं. तेव्हा तू खूश होतीस, आणि मी काही बोलले नाही. पण त्या ९०० ग्रॅममध्ये चरबी थोडी आणि रिकाम्या झालेल्या साठ्याबरोबर गेलेलं पाणीच जास्त होतं. जे पाणी तेव्हा गेलं त्यातलंच काही आता परत आलंय.

दुसरा वाटा मिठाचा, आणि आपल्याकडच्या जेवणात तो चटकन लक्षात येत नाही. तांबड्या रश्श्यात आपण वरून मीठ घालतोच, पण कांदा-लसूण चटणी कुटतानाही तिच्यात मीठ पडलेलं असतं. म्हणजे चमचाभर चटणी टाकली की मीठ दोनदा पडलं. मिसळीत कटाला मीठ, शेव-फरसाणात मीठ आणि वर ब्रेडच्या स्लाइसमध्येही मीठ. शिवाय खर्डा, लोणचं, पापड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. मिसळ आणि मटण एकाच दिवशी आलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शरीराला रक्तातलं मिठाचं प्रमाण ठरावीकच ठेवावं लागतं. दवाखान्यातली सलाईनची बाटली आठव: एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. शरीरातल्या पाण्याचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. त्यामुळे ५ ग्रॅम मीठ जास्तीचं अडकलं की त्याच्या मागे अर्धा लिटर पाणी अडकतं. आपल्याला तहान लागते, आपण पाणी पितो आणि लघवी कमी होते. मूत्रपिंडं ते जास्तीचं मीठ हळूहळू बाहेर टाकतात, त्याला दोन ते चार दिवस लागतात.

तिसरा वाटा अगदी साधा: पोटात अजून असलेलं अन्न. रविवारी उशिरा जेवलीस, रात्रभर बसमध्ये बसलीस, सोमवारी पोट साफ व्हायच्या आधी काट्यावर उभी राहिलीस. एक-दोनशे ग्रॅम तिथे गेले.

आता बेरीज कर. ८०० ग्लायकोजेन आणि त्याच्या पाण्याचे, साडेपाचशे मिठामागच्या पाण्याचे, दीडशे पोटातले, शंभर चरबीचे. १६०० ग्रॅम झाले. माझे हे आकडे ग्रॅमपर्यंत बरोबर असतील असं नाही, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण असंच असतं. नेहमीसारखं जेवलीस, नेहमीसारखं पाणी प्यालीस तर शुक्रवार-शनिवारपर्यंत यातलं बहुतेक आपोआप उतरेल.

आपण कुस्तीच्या गावचे, म्हणून एक उदाहरण देते. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट ५० किलोच्या गटात पहिल्या सकाळी वजनात बसली. त्या दिवशी तिने तीन कुस्त्या मारल्या. संध्याकाळी तिचं वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरल्याचं पथकाच्या डॉक्टरांनी सांगितलं. रात्रभर घाम काढूनही दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त निघालं आणि तिला बाद केलं. तीन कुस्त्या खेळलेल्या दिवशी कुणाच्या अंगावर पावणेतीन किलो चरबी चढत नाही. आत घेतलेलं पाणी आणि अन्न काट्यावर आलं, एवढंच. तिच्या खेळात पाण्यालाही किंमत होती. तुला पैलवानासारखं कुठल्या गटात बसायचं नाही, तुला चरबी कमी करायची आहे.

आता तुझ्या चरबीची चाल बघ. तुझं ध्येय आठवड्याला अर्धा किलो, आणि ते योग्यच आहे. म्हणजे आठवड्याला ३८५० कॅलरींची तूट, रोज ५५०, रोजची चरबी ७० ग्रॅम. एका लहान कांद्याएवढं वजन. तुझा काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडे दाखवतो, आणि तुझ्या शरीरातलं पाणी दिवसाला किलो-दीड किलो खालीवर होतं. एवढ्या हेलकाव्यात ७० ग्रॅम एका सकाळी दिसणारच नाहीत, काटा कितीही महागाचा आणलास तरी. म्हणून सोमवारचा आकडा बघून मंगळवारचं ताट बदलायचं नाही. या पत्रातलं बाकी काही विसरलीस तरी चालेल, एवढं धर.

रोज वजन करणं मात्र बंद करू नकोस. आठवड्यातून एकदाच बघितलंस आणि नेमकी ती सकाळ मटणानंतरची निघाली, तर महिनाभर चुकीचं चित्र मनात बसेल. रोज कर, पण एकाच पद्धतीने. सकाळी उठल्यावर, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत, ओल्या केसांनी नको. काटा टणक सपाट फरशीवर ठेव, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर नाही. त्याच्या चारही पायांत भाराचे सेन्सर असतात, मऊ जागेत पाय रुतले की आकडा चुकतो. फरशीच्या सांध्यावर एक पाय आला आणि काटा डुगडुगला तरी तेच होतं. एकच जागा ठरव आणि काटा तिथून हलवू नकोस. हलवलास तर आधी एकदा पायाने दाबून सोड, शून्य येऊ दे, मग उभी राहा.

बऱ्याच डिजिटल काट्यांची आणखी एक खोड असते. लागोपाठ दोनदा उभं राहिलं आणि फरक थोडा असला, तर काटा पहिलाच आकडा परत दाखवतो. आपल्याला वाटतं, बघ, दोनदा तेच आलं. तपासायचं असेल तर मध्ये हातात जड पिशवी घेऊन एकदा उभी राहा आणि मग पिशवीशिवाय. काटा बरोबर आहे का हेही असंच कळतं: दुकानातल्या एक किलो मिठाच्या पाच बंद पुड्या पिशवीत घे, पिशवीसकट आणि पिशवीशिवाय वजन कर. फरक पाच किलोच्या जवळपास यायला हवा. चार-साडेचार आला तर आधी सेल बदल. आणि तुझा काटा चरबीचे टक्केही दाखवतो ना, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. तळपायांतून बारीक वीज सोडून तो पाण्यावरून अंदाज बांधतो. तू कमी पाणी प्यालीस की तो चरबी वाढली म्हणतो.

आता तुझेच आकडे घेऊ. मागच्या आठवड्याच्या आधीचा आठवडा: ७१.९, ७१.६, ७१.८, ७१.२, ७१.३, ७१.०, ७१.५. बेरीज ५००.३, सातने भागून ७१.४७. मागचा आठवडा सोमवार ते शुक्रवार: ७१.४, ७१.२, ७०.९, ७१.१, ७०.७. बेरीज ३५५.३. शनिवार-रविवार तू इथे होतीस आणि वजन केलं नाहीस, म्हणून पाचनेच भागायचं: ७१.०६. उतार ४१० ग्रॅम. तुझं ठरलेलं काम जवळपास ठरल्याप्रमाणे चाललंय. पहिल्या आठवड्यात शनिवारी ७१.० आणि रविवारी ७१.५ आलं होतं, तेव्हाही तू घाबरली होतीस. बघ, सरासरीत त्याचा मागमूस नाही.

या आठवड्याची सरासरी मात्र वर येईल, हे आधीच सांगून ठेवते. सोमवार-मंगळवारचे मोठे आकडे तिच्यात येणार आहेत. म्हणून एका आठवड्याच्या सरासरीवरही निकाल द्यायचा नाही. चार आठवड्यांच्या चार सरासऱ्या एकाखाली एक लिही आणि वरची खालच्याशी ताडून बघ.

रोजच्या रोज काहीतरी पाहिल्याशिवाय चैन पडत नसेल, तर दहाव्या हिश्श्याची पद्धत वापर. वहीत दोन रकाने कर, एकात आजचं वजन, दुसऱ्यात 'कल'. पहिल्या दिवशी कल म्हणून चालू सरासरी लिही, ७१.१. सोमवारचं वजन ७२.३. फरक १.२, त्याचा दहावा भाग ०.१२. नवा कल ७१.२२. पुढे ज्या दिवशी वजन कलापेक्षा कमी भरलं, तर फरकाचा दहावा भाग वजा कर. १.२ किलोचा धक्का १२० ग्रॅमवर येतो, आणि खरंच वजन वाढत असेल तर तो कल रोज थोडाथोडा चढत राहतो, लपत नाही. रोज कलाच्या खाली वजन येतंय म्हणजे तू उतरतेयस. एवढं पाहिलं तरी पुरे.

पाळीचं वेगळं सांगते, कारण सगळ्यात जास्त बायका इथेच हात टेकतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीर पाणी धरून ठेवतं, अर्धा ते दोन किलोपर्यंत, आणि बहुधा पाळीच्या पहिल्या दिवशी ते सर्वांत जास्त असतं. मग दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरतं. दहा दिवस नेमाने वागूनही काटा हलत नाही, वर चढतो, त्यात गोड खावंसं वाटतं आणि "काही उपयोग नाही" म्हणून सगळं सोडलं जातं. तेव्हा वहीत पाळीच्या तारखेवर खूण कर. या महिन्याचा पाळीनंतरचा सहावा दिवस मागच्या महिन्याच्या सहाव्या दिवसाशी ताडायचा. पाळीआधीचा आठवडा पाळीनंतरच्या आठवड्याशी कधीच ताडायचा नाही.

जिममध्ये नवा व्यायाम सुरू केलास की दोन-तीन दिवस मांड्या दुखतात. त्या दुखऱ्या स्नायूंत सूज असते आणि सुजेत पाणी असतं. पहिल्या पंधरवड्यात वजन त्यामुळे अडतं किंवा अर्धा-एक किलो वाढतं. उन्हाळ्यात रंकाळ्याला फेऱ्या मारून आल्यावर काटा सातशे ग्रॅम खाली दाखवतो, तो घाम. ते पाणी पिऊन भरायचंच असतं. भाताऐवजी ज्वारीची भाकरी, कडधान्यं, पालेभाज्या वाढवल्यास तर चोथ्यामुळे पोटातलं वजन सुरुवातीला थोडं जास्तच राहील, त्याची काळजी नको. आणि संकष्टीच्या किंवा एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचा कमी आकडा बघून आनंद मानू नकोस. पोट रिकामं असतं म्हणून तो खाली येतो. साबुदाण्याची खिचडी खाल्ली असेल, तर तो उपवास कॅलरीने जेवणाएवढाच.

आता तुझं ते "रात्रीचं जेवण बंद". समज, सोमवार-मंगळवार तू उपाशी राहिलीस, तर बुधवारी पाणी उतरून काटा खाली येईल, आणि तुला वाटेल उपाशी राहिल्याने झालं. ते पाणी तसंही उतरणारच होतं. पण गुरुवारी संध्याकाळी भूक अशी उसळेल की ऑफिसखालचे दोन वडापाव कधी संपले ते कळणार नाही. मग पुन्हा अपराधी वाटणं, पुन्हा उपास. या फेऱ्यात वजनापेक्षा माणूसच थकतं. जुलाबाच्या गोळ्या, पाणी काढायच्या गोळ्या कुणी मैत्रिणीने सुचवल्या तर स्पष्ट नाही म्हण. त्यांनी फक्त पाणी आणि क्षार जातात, पोटॅशियम घसरलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, आणि चरबी जागची हलत नाही. पाणी कमी पिण्यानेही काही साधत नाही. आणि रोजच्या १२०० कॅलरींच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही.

खरंच अडलंय हे कधी म्हणायचं? चार आठवड्यांच्या सरासऱ्या हलल्या नाहीत आणि कंबरही हलली नाही, तेव्हा. कंबर पंधरा दिवसांतून एकदा मोज: सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, टेप आडवी, श्वास सहज सोडल्यावर, टेप कातडीला लागेल पण रुतणार नाही. बायकांसाठी आपल्याकडे ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं मानतात. वजन जागच्या जागी आणि कंबर दोन सेंटीमीटरने कमी, असं झालं तर काम चालू आहे. दोन्ही ठप्प असेल तर आधी तेल मोज. बाटलीतून कढईत ओतायचं बंद, पोह्याच्या चमच्याने घालायचं. मग दूध: म्हशीचं साय न काढलेलं दूध २५० मिलीलिटरला अडीचशे कॅलरींच्या पुढे जातं. मग शनिवार-रविवार. पाच दिवस ५५० ची तूट आणि दोन दिवस बाराशेची भर, असं झालं तर आठवड्याला साडेतीनशेच शिल्लक राहते, म्हणजे पन्नास ग्रॅमसुद्धा नाही. आणि वजन चार-पाच किलोने उतरलं की शरीराची गरजही थोडी उतरते, तेव्हा पूर्वीचंच ताट पूर्वीइतकी तूट देत नाही.

एक-दोन गोष्टी मात्र थांबून डॉक्टरांकडे न्यायच्या. दोन-तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ आणि जोडीला पायांवर अशी सूज की बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो, किंवा जिना चढताना दम, किंवा रात्री उताणं झोपवत नाही. हे मटणाचं पाणी नसतं, त्याच दिवशी दाखवायचं. नेमाने वागूनही वजन चढतच राहिलं, थकवा आणि थंडी जास्त वाटली, पाळी अनियमित झाली, तर थायरॉइडची तपासणी करून घे.

आणि सई, सकाळचा आकडा तुझा अख्खा दिवस ठरवायला लागला, त्याच्या भीतीने जेवण चुकवावंसं वाटायला लागलं, तर काटा महिनाभर कपाटात ठेव. कंबरेची टेप आणि जीन्सचं बटण पुरेसं आहे. तरीही भीती गेली नाही तर मला सांग, कितीही वाजले असले तरी. आपण दोघी मिळून चांगल्या माणसाकडे जाऊ.

उद्याच्या बसने ज्वारीचं पीठ तीन किलो, भाजलेले शेंगदाणे आणि खर्डा पाठवतेय. या वेळी खर्ड्यात मीठ निम्मं घातलंय, त्यामुळे तो बाहेर टिकणार नाही. पोचल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेव, कोरडा चमचा वापर आणि आठ दिवसांत संपव.

तुझी,
आई